सातवं घर

बोरी फाट्याचं तेहतीस केव्हीचं उपकेंद्र,
रात्रपाळी, लोखंडी खुर्ची, लॉगबुक.
दर तासाला अँपिअर लिहायचे.
मधल्या वेळात माणसानं काय करायचं
हे नियमावलीत नाही.

म्हणून माउथ ऑर्गन.
जिंतूरच्या बँडमधून निवृत्त झालेल्या मुनीरचाचांनी
रुमालात गुंडाळून दिला.
म्हणाले, क्लॅरिनेटला दम लागतो, तो माझा संपला.
ह्याला नुसता श्वास लागतो.
फूँकना नै, साँस लेना.

दहा घरं, वीस पितळी जिभा.
पहिला महिना नुसता कल्ला.
एका घरात फुंकावं तर शेजारची दोन जागी होतात,
बांधाच्या भांडणासारखी एकदम बोलतात.
चाचा म्हणाले, सीताफळाची बी थुंकायच्या आधी
ओठ कसे होतात, तसे धर.
मग एके रात्री एकटा सा निघाला,
बारीक, बिचकलेला,
पण एकटा.

चौथ्या घरात सोडला की सा, ओढला की रे.
पाचव्यात ग, म. सहाव्यात प, ध.
सोड, ओढ. सोड, ओढ.
वाटलं, एवढंच असतं.
तर सातव्यात सगळं उलटं.
तिथं आधी ओढायचा नी, मग सोडायचा सा.
ध ओढून छाती भरलेली,
तिच्यातच आणखी श्वास कोंबायचा.
पत्रिकेतही तुझं सातवंच घर बिघडलंय, आई म्हणायची.
तीन महिने त्याच उंबऱ्यावर ठेचकाळलो.
मध्येच एकदा ध मुका झाला,
उघडून पाहिलं
तर शेंगदाण्याचं साल.

साथीला ट्रान्सफॉर्मर.
जाळीमागं रात्रभर एकच सूर धरून उभा,
माझ्या पंचमाच्या केसभर वर.
तो खाली येणार नव्हता,
मला वर जाता येत नव्हतं.
चालवून घेतलं दोघांनी.

वैशाखात एका रात्री वावटळ आली
आणि एक चाळीसला वरूनच सप्लाय गेला.
लिहिलं, कळवलं, टॉर्च विझवला.
इतकी वर्षं ज्याच्याखाली बसलो
ते गुणगुणणं एकदम थांबलं,
कानांना काही धरायलाच उरलं नाही.
फोन वाजत राहिला. कव्हा येईल लाईट?
कव्हा येईल? कव्हा?
शेवटी रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला
आणि अंधारात वाजवायला घेतलं.

थोड्या वेळानं टेबलातून आवाज आला,
केहाळची पद्मीन बोलायलेय.
दादा, तू वर जाताना एकाच जागी अडकायलास.
तेवढं नीट कर की.
लाईटचं बघू मागून.

काय बोलणार.
पुन्हा चौथ्यापासून निघालो.
सहावं आलं. ध ओढला, आणि मोजायचं विसरलो.
छातीत जागा होती.
कुठून आली माहीत नाही, पण होती.
नी आत आला
आणि सा आपोआप बाहेर पडला,
बैल दावं सोडल्यावर गोठ्याबाहेर पडतो तसा, न हाकता.
तिकडून कुणी काही म्हणालं नाही.
फोन चालू होता की कट झाला होता, कुणास ठाऊक.

तीन पंचवीसला सप्लाय पूर्ववत. लॉगबुकात एवढंच.

सकाळी एसटीनं जिंतूर गाठलं,
चाचांच्या ओट्यावर बसून वाजवून दाखवलं.
ते सुपारी कातरत होते.
मान हलवली, अडकित्ता थांबवला.
म्हणाले, अच्छा.
अब आगे सब उल्टाइच है.