खिडकीत ठेवलेला फोन

मझिया म्हणते, आई, आज काही बोलू नकोस,
फोन नुसता खिडकीत ठेव.

मी ठेवते, जांभळ्या सब्जाच्या कुंडीला टेकवून,
आणि अक्रोड सोलायला बसते.
सातव्या मजल्यावरून रुस्तावी तशी फार बोलत नाही,
कारखान्याचा भोंगा गप्प झाला
त्यालाही आता जमाना लोटला.
पण खाली ओमारी फासे टाकतो, खडळ-खट्,
आणि हरला की पटच आपटतो,
म्हणजे रोज.
कपड्यांच्या दोरीची कप्पी कुरकुरते.
तिला तेल घाल, तेल घाल, म्हणत तिचा बाप गेला,
मी घातलं नाही, बरंच झालं.
त्या कुरकुरीवरून मझियाला तिकडे कळतं
की आज इथे ऊन आहे.

तिकडे म्हणजे बारीला, इटलीत.
परक्या म्हातारीचं अंग पुसते माझी मुलगी,
गोळ्या मोजते, घास भरवते,
आणि दुपारी सिन्योरा पालमीराचा डोळा लागला
की कानाशी आमचं अंगण घेऊन बसते.

सगळ्यात तिला प्रिय आमची लिफ्ट.
फुकट चढत नाही ती. आधी नाणं टाका.
नाणं घरंगळतं, टण्, टण्, टक्,
विहिरीत पडल्यासारखं वर ऐकू येतं.
मग लिफ्ट जरा विचार करते
आणि पोटातून कण्हत निघते,
दिवस भरलेल्या म्हशीसारखी.
नाणं दोनदा अडकलं की मझिया म्हणायची,
सबा आला शाळेतून, वाकडं नाणं चालवतोय.
एकदा म्हणाली, तू कामावरून यायचीस ना,
ते टण् ऐकलं की मी टीव्ही बंद करून
गणिताची वही उघडायची.
वीस वर्षांनी सांगतेय कार्टी!

मार्चमध्ये लिफ्ट बदलली.
आता कार्ड दाखवायचं. टीं, एवढंच.
वर येते ती चोरपावलांनी, आरसाबिरसा लावून,
ओळख न दाखवणाऱ्या व्याह्यासारखी.
मझियाने तासभर कान लावला. मग हळूच विचारलं,
आई, आज कोणीच घरी आलं नाही का गं?

आले की, म्हटलं. सगळे आले.

रात्रभर ते माझ्या डोक्यात राहिलं.
दुसऱ्या दिवशी डब्यातलं एक जुनं नाणं काढलं,
फोनजवळ धरून भांड्यात सोडलं.
तिकडे शांत. मग म्हणाली,
हे भांडं आहे, आई.
तुला काय कळतंय?
निळ्या काठाचं. टवका उडालेलं.

आता मात्र माझी जिद्द पेटली.
फोन तोंडाशी घेतला, डोळे मिटले
आणि कण्हायला सुरुवात केली.
पहिला मजला. दुसरा. तिसरा.
चौथ्यावर ती नेहमी अडायची, मीही अडले,
दम खाल्ला,
(ते काही नाटक नव्हतं)
आणि सातव्यापर्यंत गेले एकदाची,
शेवटचा धक्का, दाराचा खडखडाट, सगळं सगळं.
ओमारीने खालून ओरडून विचारलं,
बाई, डॉक्टरला बोलावू का?

मझिया अशी हसली, अशी हसली
की तिकडे पलंग करकरला.
एक बारीक आवाज काहीतरी म्हणाला,
मला त्यांची भाषा येत नाही,
पण झोपमोड झालेल्या म्हातारीचा प्रश्न
कुठल्याही भाषेत कळतो: कोण आलंय?
लिफ्ट, मझिया म्हणाली. आणि पुन्हा हसली.

ती फोन ठेवणार, तेवढ्यात मीच म्हटलं,
थांब. बंद करू नकोस.
आज तू बोलू नकोस,
तुझा फोन राहू दे तिथेच.

नळ सुटला. कपात चमचा फिरला, बराच वेळ,
सिन्योराला साखर जास्त लागत असणार.
खिडकीची झडप उघडली, लांब कुठेतरी स्कूटर.
मग फरशीवरून सपाता चालत गेल्या,
फटक, फर्र. फटक, फर्र.

डावा पाय घासतेच आहे अजून.