शेऱ्याचा रकाना

धारूरच्या माळावर, किल्ल्याच्या अलीकडं
सव्वासातला तिपाई उभी केली.
बुडबुडा मधोमध आणायला गफूरचाचांना वेळ लागला,
खाली मुरूम, आणि त्यांचा गुडघा.
पडद्यावर अक्षरं: फ्लोट.
म्हणजे जागा सापडलीय, पण शपथेवर सांगता येत नाही.

केतकी ढाकणे, दीड महिन्यापूर्वी रुजू झालेली,
विचारते, मॅडम, उपग्रहाला कळतं का आपण इथं आहोत ते?
नाही गं.
तो नुसता बोलत राहतो:
मी अमुक, मी इथं आहे, आत्ता इतके वाजलेत.
वीस हजार किलोमीटरवरून हे यायला
पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही,
पण येतं ते इतकं क्षीण, की गोंगाटाच्याही खाली.
आठवडी बाजारात मिरचीच्या ढिगापलीकडून
कुणी आपलं नाव घ्यावं, तसं.
नाव आधीच पाठ असतं म्हणून ऐकू येतं.

निघालं कधी, पोचलं कधी,
फरकाला प्रकाशाच्या वेगानं गुणायचं. झालं अंतर.
एका अंतराचा गोल. दोघांचं कडं.
तिसरा आला की दोनच ठिपके उरतात,
त्यातला एक पार अंतराळात, तिथं आपला गट नंबर नाही.

मग चौथा कशाला?

वर अणुघड्याळं आहेत, केतकी.
वर काळ जरा घाईत असतो, दिवसाला अडतीस मायक्रोसेकंद,
म्हणून पाठवतानाच ती थोडी मंद लावतात.
आपल्या ह्या पिवळ्या डब्यात मात्र
उन्हानं ढेपाळणारं स्वस्तातलं स्फटिक.
त्यानं एका मायक्रोसेकंदाची थाप मारली
तर आपण तीनशे मीटर उडून
मारुतीच्या पारावर.
एक्स, वाय, झेड,
आणि चौथं अज्ञात
आपणच किती चुकतोय ते.

अजून फ्लोट.
पलीकडं जिनिंगचा पत्रा आहे,
त्यावर आपटून तोच संदेश पुन्हा येतो,
उशिरा, आणि तितक्याच ठामपणे.
चाचा म्हणाले, गावातली खबर पन अशीच यायली की.

आठ वाजून दोन मिनिटं. फिक्स. उपग्रह एकोणीस.

केतकी उंची वाचते आणि दचकते,
दगडावर कोरलीय त्याहून पाऊणशे मीटर कमी!
घाबरू नको. यंत्र कागदावरच्या गुळगुळीत लंबगोलावरून मोजतं,
दगड समुद्रावरून.
इथून समुद्र कुठं, दिवसाची एसटी,
तरी इथल्या विहिरीच्या काठाला त्याचाच शून्य.
चाचांनी तो कधी पाहिला नाही,
तीस वर्षं त्याच्यापासूनच उंच्या मांडल्या.
आणि आपल्या देशी उपग्रहांचं नाव तरी काय,
नाविक.

मग अक्षांश-रेखांश.
वीस वर्षांपूर्वीच्या वहीशी ताडून पाहिले:
एक मीटरचा फरक. ईशान्येला.
तहसीलच्या गच्चीवरचा बेस तपासला,
त्याचे आकडे गेल्याच आठवड्यात नव्यानं काढलेले.
मी विचारलं, चाचा, दगड कुणी हलवला का?

ते बोलले नाहीत.
गुडघा टेकला, दगडाच्या कडेची माती बोटांनी उकरली,
वीतभर, मग अजून थोडी.
खाली कोळसा निघाला, काळाभोर,
त्यांच्याच हातानं पुरलेला, खूण म्हणून.
बघा, म्हणाले. म्या ठिवला तिथंच हाय.

तिथंच आहे, चाचा. खरं बोलताय.
वर्षाला पाच सेंटिमीटर सरकतोय सगळा खडकच,
दगड, कोळसा, ती बाभूळ, किल्ल्याचा बुरूज,
जिनिंग, तहसीलची गच्ची,
तुमचा गुडघासुद्धा.
सगळं एकदम, म्हणून कुणाला कळलं नाही.

चाचांनी माती परत लोटली, वरून चप्पल दाबली.
असंल, म्हणाले.

केतकी वही उघडून बसलेली.
मॅडम, शेऱ्यात काय लिहू?

लिही, दगड जागेवर आहे.
आणि पुढं आजची तारीख टाक.