साठपर्यंत

आजची अकरावी बाई, फायनेस.
मलावीच्या तळ्याकाठून, मासळी वाळवायच्या मचाणांवरून
तशीच उठून आलेली. हाताला उसिपाचा वास.
"वेळ लागेल का, नर्सबाई? मासळी उन्हात आहे.
कावळे मला भितात, माझ्या पोरीला नाही."

मी म्हटलं, एक मिनिट.

वीज सकाळपासून नव्हती. डोक्याला दिवा बांधला,
स्पेक्युलम आधी माझ्याच मनगटाला टेकवून पाहिलं,
गार नको.
कापसाचा बोळा व्हिनेगरात बुडवला.
"हे तर नाक्यावर चिप्सवर घालतात,"
पत्र्याकडे बघत ती म्हणाली, आणि हसली,
म्हणून मला थांबावं लागलं.

मग मोजायला घेतलं.
अकरापर्यंत सगळं गुलाबी, ओलं, आपल्या जागी.
बाहेर कुणी बादली आपटली.
सव्वीस.
चाळिसाच्या अलीकडे
दोन आणि चारच्या काट्यांमध्ये
पांढरं उमटू लागलं. दाट,
कड अशी की नखाने ओढावी.
साठपर्यंत गेलं नाही. सत्तरपर्यंतही थांबले.

बहिणीच्या वेळी दिवा होता, व्हिनेगर होतं,
बघायला शिकलेलं कुणी नव्हतं.
तिचं आम्हाला वासावरून कळलं.

"काय आहे?"
माझ्या भाषेत आजारी आहे, बरी आहे.
आजार व्हायचा आहे
याला मला शब्द सापडत नाही.
मी म्हटलं, कर्करोग नाही. अजून नाही.
असंच सोडलं तर वर्षांनी होऊ शकतो.
ती गप्प. मग म्हणाली,
"माशी बसलेला मासा.
किडे नसतात, पण मी तो उचलते.
हजारांत दिसतो मला."
हो, मी म्हटलं. तोच.

तापलेली सळई टेकवली. पुन्हा एक मिनिट,
या खेपेला मोजत ती होती,
मोठ्याने, मुठी आवळून, आणि शेवटाला
जरा घाईने.

नोंदवहीत वर्तुळ काढलं,
दोन ते चार रेघांनी भरलं.
सहा आठवडे नवऱ्यापासून लांब, वर्षाने परत ये.

दारातून ती वळली.
"ते सहा आठवडे कागदावर लिहून दे.
माझं तो ऐकायचा नाही.
शिक्क्याचं ऐकेल."

मी लिहिलं.
शिक्का दोनदा मारला.