दाखला

उधन्याहून अमळनेर, पॅसेंजरनं पाच तास.
एवढंच होतं.
लहानपणी नकाशावर बोट ठेवून पाहिलं होतं मी,
एका पेराचं अंतर.
आई म्हणायची, लांब आहे.

माझ्या मुलाच्या जातीच्या कागदाला
आजोबांचा शाळेचा दाखला लागतो.
जिच्यापायी दोघांनी रात्रीची गाडी धरली
तिचाच पुरावा मागायला
मी बोरीकाठच्या या गावात, पहिल्यांदा.

कारकून बागुल शर्टाच्या बाहीनं रजिस्टर पुसतात.
"नाव?"
दिनेशभाई, म्हणते, आणि थांबते.
ते लूमच्या शेठनं ठेवलेलं,
मरेपर्यंत वापरून मऊ झालेलं.
"धुडकू," म्हणते. "धुडकू हिलाल."
आमच्या घरात हे नाव फक्त आईला ठाऊक,
आणि तीही घ्यायची ते
बाबांना ताप चढला की, हळूच.

इयत्ता सातवी. जन्म एक जून, जसा सगळ्यांचाच.
शाळा सोडण्याचे कारण : सतत गैरहजर.
बागुल चष्म्यावरून बघतात.
"जसंच्या तसं लिहावं लागंल, ताई."
लिहा.

बाहेर पाण्याच्या टाकीखाली
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत बसलेल्या बाया.
त्यातली एक म्हातारी, हातात चिमटा :
"कोनी अंडेर शे वं तू?"

मला ती भाषा येत होती, पण फक्त रागवायची.
आई लाड गुजरातीत करायची, बाजार हिंदीत,
प्रगतिपुस्तकावर सही शुद्ध मराठीत.
अहिराणी निघायची दूध सांडलं की,
कपबशी फुटली की.
मग होतं तेच काढलं मी :
"मथीनी अंडेर! आते सरक ना, मुडदा,
बठाले जागा दे!"

पऱ्हाटी तडतडली.
मग म्हातारी हसायला लागली,
डोळ्यांना पदर लावून, धूर लागल्यासारखी.
"मथीच शे. तोंड मथीनंच शे."
सरकली. सगळ्याच सरकल्या.
"ती नही उनी?"
नही.
पुढं कुणी विचारलं नाही.
ताटात भरीत पडलं, कळण्याची भाकरी,
वर कच्च्या तेलाची धार.

समोरच्या ओट्यावर पांढऱ्या टोपीतला एक माणूस
बराच वेळ सुतळी वळत होता.
तुझा मामा, कुणीतरी कुजबुजलं.
मी बघितलं तसा तो उठून आत गेला.
दार लावलं नाही त्यानं.
मीही गेले नाही.
पाचची एसटी होती.

रात्री नंदुरबार सोडल्यावर आईचा फोन.
दाखल्याचं विचारलंच नाही तिनं.
"वांगं कसावर भाजेल व्हतं?"
पऱ्हाट्यांवर, म्हणाले.

पलीकडे काही सांडलं नव्हतं,
काही फुटलं नव्हतं,
तरी ती त्याच भाषेत बोलत राहिली
सोनगड येईपर्यंत.