हनुवटी जरा वर

दुखतं का, असं विचारलंस तू
परळला, दुसऱ्या मजल्यावर, एक्स-रेचं पाकीट मांडीवर उभं धरून.
परीक्षा संपली की मेमध्ये करणार, म्हणालीस.
माझ्या जबड्याला पट्टा होता, डोक्यावर बांधलेला,
मी नुसता हात हलवला.
तो हो होता की नाही, तुला कळलं नसेल. मलाही.

तर आता सांगते.

कापतात आतून, खालच्या ओठाच्या मागे,
बाहेर रेघसुद्धा दिसत नाही.
भूल उतरली की आधी घसा दुखतो, नळीमुळे,
मग तहान. मग वाटतं, कोणीतरी तोंडावर
ओल्या वाळूची पिशवी ठेवून चहा प्यायला गेलंय.
हाड मात्र गप्प.
सहा मिलिमीटर, डॉक्टर काराणींनी चिमटीत दाखवलं होतं,
तांदळाच्या दाण्याएवढं, इतकंच पुढे.
एक पट्टी, चार स्क्रू.
स्क्रू म्हटल्यावर मला दुकानाचं शटर आठवलं.

तिसऱ्या दिवशी आरशात बघू नकोस.
मी पाहिलं.
अकरा वर्षं पार्ल्याला पासपोर्टचे फोटो काढतेय,
रडलेले, जागलेले, तापातून उठलेले चेहरे
पांढऱ्या पडद्यापुढे बसवलेत,
असा भोपळा नव्हता आला कधी.
गळ्यापर्यंत निळं, मग हिरवं, मग हळदीचं.
हळदीचं झालं की समज, उतरतंय.

उशा दोन घे. स्ट्रॉ नको, टाके ताणतात.
पेज पी, नाचणीची आंबील पी.
शेजारच्या सामंतीणबाई नेमके तेव्हाच बोंबील तळतील.
खिडकी लाव.
मिठाच्या पाण्याची चूळ भरताना टॉवेल आधी घे,
खालचा ओठ काही दिवस तुझा नसतो.

बधिरपणा, असं कागदावर लिहिलेलं असतं.
आपण सही करतो.
बधिरपणा म्हणजे वरणाचा थेंब हनुवटीवर सुकून गेला
आणि बँकेतल्या माणसाने बोट दाखवलं तेव्हा कळलं.
बधिरपणा म्हणजे आईने हनुवटी धरली,
लहानपणी भांग पाडताना धरायची तशी,
चेहरा उजेडाकडे वळवला,
आणि मला तिचा हात फक्त दिसला.

ह्यांची होती गं ती, म्हणाली.
एवढंच. मग म्हणाली, पेज गार होतेय.

खरं आहे. बाबांचीच.
मागे सरलेली, मानेत विरून जाणारी.
जन्मात कोणाला तोंड वर करून बोलले नाहीत,
आणि ऑफिसातले हसायचे, वर करायला हनुवटी तर हवी.
तेही हसायचे त्यांच्याबरोबर.
मी हजारोंना म्हटलं, हनुवटी जरा वर, अजून थोडी, बास,
आणि स्वतः कायम समोरून बसले.
कडेने एकही फोटो नाही माझा.

महिनाभर आईच्या त्या वाक्याशी मनात भांडत होते.
मग तपासणीला काराणींनी पडद्यावर एक्स-रे लावला.
हाड काढून टाकलेलं नव्हतं. तेच होतं, बाबांचं,
जागा सोडून जरासं पुढे येऊन उभं.
घरी आईला मोबाइलवर दाखवलं.
तिने चष्मा पुसला, परत पाहिलं,
विचारलं, स्क्रू काढतात का नंतर?

चौथ्या महिन्यात मुंग्या येतील.
बोट हनुवटीला लावशील आणि जाणवेल ओठाच्या कोपऱ्यात,
आपली बेल दाबावी आणि शेजारी वाजावी तसं.
चेहरा बसायला सहा महिने, कधी वर्ष.
माझी डावीकडची बोटभर जागा अजून झोपलेली आहे,
उठेलच असं नाही, म्हणाले.
गिऱ्हाइकांना काही कळलं नाही.
एका आजोबांनी विचारलं, केस कापलेस का?

मेच्या आधी एकदा दुकानात ये.
पूर्वेला, औषधवाल्याला लागून.
कडेने एक फोटो काढू, आहेस तशी.
पैसे नकोत.
नंतर लागतो.