येतो

केतकी मॅडम पुण्याकडच्या. कागद घेऊन येत्यात.
मास्कवर मास्क, वर नुसतं डोळं.
"त्रिशलाताई, गेल्या दोन आठवड्यांत
कशातच रस वाटत नाही, असं किती वेळा झालं?
अजिबात नाही. काही दिवस.
निम्म्याहून जास्त दिवस. जवळजवळ रोज."

रस म्हंजे काय म्हणायचं ह्यास्नी?
मी हुपरीची. बावीस वर्षं पैंजणाला घुंगरू जोडलं,
फुंकणीनं ज्योत वाकवून डाख दिला.
आता नळीत फुंकायला सांगत्यात. तीन चेंडू हायत.
एक हलतोय.

"घाला कुठंबी टिक," म्हटलं.
"असं नाही चालत," म्हणाल्या,
"तुमचं मी कसं ठरवू?"
बाई चांगली हाय.

रात्रीची गोळी निराळी. डॉक्टरनं आधीच सांगितलंय,
ही मनावर जाती. कुणी रडतं,
कुणाला भिंतीत माणसं दिसत्यात.
रोगानं छाती नेली, औषधानं मन मागितलं.
मला दिसत न्हाई काही. ऐकू येतं.
दोनच्या सुमाराला वॉर्डभर घुंगरू सांडत्यात,
एकाचाबी डाख बसलेला न्हाई,
आन ती सगळी मलाच गोळा करायची हायत.

शेजारच्या कॉटवर बानू मुजावर.
मी कूस बदलली की ती सुरू करती, छताकडं बघत:
"मटण धू. हळद, मीठ, आलं-लसूण लाव. शिजव.
अळणी पाणी बाजूला काढ.
आता तीळ, खसखस. गंधागत बारीक वाट, घाई करू नगंस.
मग नारळाचं दूध..."
मी जैनाची. अंडं खा म्हणून डॉक्टरनं हात जोडलं
तरी न्हाई म्हटलं.
पण खसखशीपतोर आलं की घुंगरं लांब जात्यात.
नारळाचं दूध मी अजून एकदाबी ऐकलं न्हाई.

मालक रविवारी येत्यात. जाळीपलीकडं उभं राहून
डबा मावशीकडं देत्यात.
डब्याच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका.
पोरीचंच नेलपॉलिश. मी वळखलं.
"स्थळं बघतोय तिची. टीबीचं कुणापाशी बोलू नगंस."
इथनं कुणाला सांगू? बानूला?

श्रावस्ती एकोणीस वर्षांची, कागलची.
भिंतीकडं तोंड करून पडायची,
गोळ्या उशीच्या अभ्र्यात सारायची. मला गावल्या.
ओरडलो न्हाई.
रिकाम्या पाकिटाचा चंदेरी कागद घेतला,
पीळ दिला, कडी वळली.
"गिळलीस की रोज एक. मला एवढंच येतंय."
चार दिवस बघितलं न्हाई तिनं.
पाचव्या दिवशी चादरीतनं पाय बाहेर काढला,
"माप घ्या," म्हणाली.
अजून अर्धा घोटा झालाय.

सात नंबरच्या आक्कूबाई एका पहाटे
चहाच्या आधी म्हणाल्या, "जातो गं."
जातो म्हणू नये, येतो म्हणावं,
लहान पोरालाबी ठावं हाय.
पण कुणी टोकलं न्हाई.
आम्हाला वाटलं, संडासला.

मॅडम शेवटच्या प्रश्नाला आवाज खाली आणत्यात.
"मेलेलं बरं, असं मनात येतं?"
"लिवा. काही दिवस."
त्यांनी लिवलं न्हाई. पेन मिटलं,
स्टूल वढून बसल्या. किती वेळ काहीच इचारलं न्हाई.
श्रावस्ती पायातलं खुळखुळवत हुती,
कागदाचं ते, आवाज कसला येतोय,
तरीबी खुळखुळवत हुती.

उठताना म्हणाल्या, "येते हं."
बानू तिकडनं खोकत खोकत, "येतो म्हणा की!
कोल्हापुरात बायका येतोच म्हणत्यात."
मास्कच्या वरचं डोळं बारीक झालं.
"येतो," म्हणाल्या, आन पलीकडच्या कॉटपाशी
नवा कागद काढून:
"बानूताई, गेल्या दोन आठवड्यांत..."
"थांबा," बानू म्हणाली, "आधी मला सांगा,
तुम्ही पांढऱ्यात खसखस किती घालतासा?"