नऊ कागद

नाव लिहू नका, खरं लिहा,
म्हणाल्या पालशेतकर मॅडम.
वर्गात आम्ही दहा.
कुणाचा ड कुठे वळतो, हिरव्या शाईचं पेन कुणाचं,
हे पाचवीपासून पाठ.

रकाने चार: मौलिकता, मांडणी, तंत्र, परिणाम.
प्रत्येकी दहा गुण, आणि खाली दोन ओळी, मनातलं लिहायला.

माझं काम सात मिनिटं वीस सेकंदांचं.
ओहोटीला लागलेली दाभोळची खाडी,
धोपाव्याच्या जेटीखाली
फोन दुधाच्या पिशवीत घालून, दोरीला टांगून ऐकलेली.
चिखलातून सुटणारे बुडबुडे,
खांबांवरची कालवं दारं लावून घेतात ती टकटक,
आणि पाचव्या मिनिटाला, लांबून,
कुणाचा तरी खोकला.
तो कापायचा होता. राहून गेला.

नऊ कागद आले.
छान.
छान आहे.
खूपच छान, थोडं लहान करता आलं असतं.
यात काही होत नाही.
मध्येच रेंज गेली का?
एकानं नुसता इंग्रजी सहा काढलाय.
कागद उलटा धरला तर नऊ होतो.
मी दोनदा धरला.

नवव्या कागदावर चारही रकाने कोरे.
खाली हिरव्या शाईत:
पाचव्या मिनिटाला खोकतंय ते कोण?
बरं आहे ना आता?

इर्शाद मुकादम.
गुण नाहीत. बेरजेत माझं चाळीसचं नुकसान.
आणि घरी जाताना फेरीबोटीच्या कठड्याला टेकून
मला आठवत राहिलं ते त्याचं काम,
ज्यावर मी लिहिलं होतं:
छान. मांडणी नीटनेटकी. सात.
पाच दहाची बोट पकडायची होती.

भिंतभर तिकिटं लावली होती त्यानं, वर्षभराची.
रोजची दोन, जाण्याचं वर, येण्याचं खाली.
फिकट गुलाबी, काही भिजून पांढरी झालेली.
मी चार पावलं मागे सरून पाहिलं,
शिकवलं होतं तसं,
आणि लाटेसारखं काहीतरी दिसलं, तेवढ्यावर समाधान मानलं.

दुसऱ्या दिवशी लवकर गेले. नाक भिंतीला लागेल इतकी जवळ.
फेब्रुवारीत एक जाण्याचं तिकीट आहे,
त्याच्याखाली येण्याचं नाही.
पुढे अकरा दिवस नुसती भिंत.
मग एक येण्याचं, एकटंच.
त्याखाली पेन्सिलीनं काहीच लिहिलेलं नाही.
मी शोधलं.

नीटनेटकी, म्हणे.

खोकल्याचं विचारायला तिकीटखिडकीशी गेले.
तुळाजीकाकांनी एक कान हेडफोनला दिला,
दुसऱ्या कानानं टेम्पोवाल्याशी सुट्ट्या पैशांचं भांडण.
"ओहोटी हाय ही," म्हणाले.
मग खोकला आला तेव्हा हसले.
"आता कसा सांगू बाय? हितं समदीच खोकतात.
डिझेलचा धूर गो. मी पण असंन."
आणि लगेच खोकलेही, जरा मुद्दाम,
जुळतंय का ते पाहायला.

जुळलं नाही.
म्हणजे त्या संध्याकाळी माझ्या डोक्यावर
फळीच्या वर, हातभर अंतरावर
कुणीतरी उभं होतं,
आणि मी आवाजाची पातळी बघत होते.

इर्शादला काय उत्तर द्यायचं?
माहीत नाही, हे उत्तर होतं का?
परिणाम, दहापैकी?

सात आकडा आता मॅडमच्या वहीत गेलाय.
गेला तो गेला, त्याचं येण्याचं तिकीट नसतं.

पण त्या मोकळ्या भिंतीखाली, खिळ्याला,
काल संध्याकाळी मी एक चिठ्ठी अडकवली.
माझ्याच तिकिटाच्या पाठीवर, मावेल तेवढं:
अकरा दिवस कुठे होतास?
कोण आजारी होतं?

लिहून झाल्यावर वाटलं, हे जास्त झालं.
दुसरी ओळ खोडली.
नीट खोडली नाही, वाचता येते.

नाव घातलं नाही, नियमाप्रमाणे.
माझा र कसा मोडतो
ते त्याला पाचवीपासून माहीत आहे.